फ्रेड पेरी आणि १९३७ सालचा टेनिस-दौरा

शाळेच्या मैदानावर मिळालेला प्याला घरच्या फडताळांत ठेवतांना मुलाचा आनंद गगनांत मावत नाहीं, आणि त्या आनंदांत आईबापहि मनापासून वाटेकरी होतात. परंतु तोच मुलगा मोठा होऊन खेळालाच आपला व्यवसाय करूं म्हणाला, तर त्याच आईबापांच्या कपाळाला आठ्या पडल्यावांचून राहात नाहींत. खेळ हा फावल्या वेळचा विरंगुळा, त्यावर पोट भरणें हें कमीपणाचें, ही समजूत केवळ आपल्याच समाजांत होती असें मात्र नव्हे. ज्या इंग्लंडनें लॉन टेनिस हा खेळ जगाला दिला, त्या देशांतहि ती एके काळीं फार बळकट होती. इतकी कीं, ज्या खेळाडूनें विंबल्डनचें अजिंक्यपद लागोपाठ तीन वर्षें जिंकून देशाचें नांव राखलें, त्यानें खेळाचा मोबदला उघडपणें घेण्याचें ठरवितांच त्याचें विंबल्डनच्या क्लबाचें मानाचें सभासदत्व काढून घेण्यांत आलें. त्या खेळाडूचें नांव फ्रेड पेरी. त्याच्या आयुष्यांतील कसोटीचें वर्ष म्हणजे इ. स. १९३७. त्या वर्षाची व त्याच्या मागच्यापुढच्या काळाची हकीकत आमच्या विद्यार्थी वाचकांस आणि त्यांच्या पालकांस सादर करावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

फ्रेडरिक जॉन पेरी याचा जन्म ता. १८ मे १९०९ रोजीं इंग्लंडांतील स्टॉकपोर्ट या गांवीं झाला. हा भाग सुताच्या गिरण्यांचा. फ्रेडचे वडील सॅम्युएल पेरी हे मूळचे सूतगिरणींतील कामगार. पुढें ते सहकारी चळवळींत शिरले, स्वतःच्या कर्तबगारीनें वर चढले आणि सहकारी पक्षाच्या वतीनें केटरिंग मतदारसंघांतून दोन वेळां पार्लमेंटचे सभासद झाले. वडिलांच्या कामामुळें हें कुटुंब लंडनजवळील ईलिंग भागांत राहावयास आलें. तेथील ब्रेंटम नांवाची वसाहत सहकारी तत्त्वावर उभारलेली होती, आणि तींत राहणाऱ्या साध्या कुटुंबांच्या मुलांनाहि खेळावयास मैदानें मोकळीं होतीं. फ्रेडच्या हातीं रॅकेट आली ती अशा ठिकाणीं. एखाद्या उमरावाच्या बागेंत किंवा खर्चिक शाळेच्या हिरवळीवर त्याचें शिक्षण झालें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व हकीकतीचें मूळ तींत आहे.

विशेष असें कीं, पेरीनें जगांत पहिलें नांव मिळविलें तें टेनिसच्या मैदानावर नव्हे, तर टेबल टेनिसच्या मेजावर. इ. स. १९२९ सालीं हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें झालेल्या जागतिक सामन्यांत, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें एकेरीचें अजिंक्यपद पटकाविलें. त्या काळीं हंगेरीचे खेळाडू या खेळांत जवळजवळ अजिंक्य मानले जात, आणि अंतिम सामन्यांत पेरीनें ज्याला हरविलें तो मिक्लॉश साबादोश हाहि तेथलाच. दुसरा एखादा तरुण इतक्या यशानें संतुष्ट होऊन बसला असता. पेरीनें मात्र ज्या खेळांत आपण शिखरावर आहों तो सोडून, ज्यांत आपण अद्याप पायथ्याशींहि नीट उभे नाहीं अशा लॉन टेनिसकडे सर्व लक्ष वळविलें. याला एक लहानसें निमित्त पूर्वींच घडलें होतें. ईस्टबोर्न या समुद्रकांठच्या गांवीं सुटींत गेला असतां त्यानें तेथील टेनिसचे सामने पाहिले आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या सुंदर मोटारगाड्याहि पाहिल्या. या गाड्या कोणाच्या, असें त्यानें वडिलांना विचारलें तेव्हां त्या खेळाडूंच्याच असल्याचें त्याला कळलें. मुलाच्या मनांत महत्त्वाकांक्षेचें बीज पडावयास कधीं कधीं इतकेंसें कारणहि पुरें होतें.

परंतु बीज पडलें म्हणजे पीक आलें असें नाहीं. मनगटाचा लवचिकपणा व डोळ्यांची तीक्ष्ण चपळाई पेरीनें मेजावरून मैदानावर आणली होती. उणीव होती ती मोठ्या मैदानाला साजेशा पद्धतीची. समर्स नांवाच्या एका जाणत्या शिक्षकानें त्याला ती दाखवून दिली. साधारण खेळाडू चेंडू जमिनीवर आपटून पूर्ण उंच जाईपर्यंत व थोडा खालीं येईपर्यंत थांबतो व मग तो मारतो. समर्स यांचें म्हणणें असें कीं, पेरीनें चेंडू उसळी घेऊन वर येत असतांनाच टोलवावा. फ्रान्सचा प्रसिद्ध खेळाडू आंरी कोशे हा तसाच खेळे. या पद्धतीचे फायदे दोन. एक तर प्रतिस्पर्ध्याला आपल्या जागीं परत येण्यास वेळ मिळत नाहीं. आणि दुसरें असें कीं, चेंडूंत त्याचाच वेग शिल्लक असल्यामुळें आपल्याला बळ कमी लावावें लागतें व पुढें जाळ्याकडे धावण्यास सवड मिळते. तोटा एकच, परंतु तो मोठा आहे. क्षणाचा शंभरावा हिस्सा चुकला तरी चेंडू भलतीकडेच जातो. ही युक्ति साधेपर्यंत पेरीला कित्येक महिने हार आणि थट्टा सोसावी लागली. चेंडू कुंपणाबाहेर जात राहिले, परंतु त्यानें पद्धत बदलली नाहीं. आणि एके दिवशीं ती अचानक हाताला बसली. त्यानंतरचा पेरी हा निराळाच खेळाडू होता.

इ. स. १९३० सालीं विंबल्डनच्या सामन्यांत त्यानें इटलीच्या बॅरन द मोर्पुर्गो या मानांकित खेळाडूस हरविलें आणि निवड करणाऱ्या मंडळाचें लक्ष त्याच्याकडे गेलें. परदेशच्या दौऱ्यावर जाणाऱ्या ब्रिटिश संघांत त्याची निवड झाली. वडिलांनीं या वेळीं जें केलें, तें पालकवर्गानें विचारांत घेण्यासारखें आहे. ते स्वतः गिरणींतून वर आलेले गृहस्थ. कष्टाच्या पैशाची किंमत त्यांना ठाऊक होती आणि खेळाच्या भरंवशावर आयुष्य उभारणें किती धोक्याचें असतें, याचीहि त्यांना जाणीव होती. तरी त्यांनीं मुलाला अडविलें नाहीं. त्यांनीं त्याच्या खर्चाचा भार उचलून त्याला आपलें सामर्थ्य अजमावण्याची संधि दिली. आंधळ्या लाडांत आणि आंधळ्या नकारांत सांपडणारी ही मधली वाट फार थोड्यांना दिसते.

संधीचें सोनें पेरीनें कसें केलें तें इ. स. १९३३ सालीं दिसून आलें. डेव्हिस चषक हा देशादेशांमधील टेनिसच्या चढाओढींतील सर्वश्रेष्ठ मान. इ. स. १९१२ नंतर तो ब्रिटनच्या हातीं आलेला नव्हता आणि इ. स. १९२७ पासून तो फ्रान्सकडे होता. त्या उन्हाळ्यांत पॅरिसच्या रोलां गारोस मैदानावर अंतिम सामना झाला. त्याच्या तयारीसाठीं पेरीनें लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल संघाच्या खेळाडूंबरोबर मेहनत घेतली होती. पहिल्याच दिवशीं त्यानें कोशेला पांच सेटच्या झुंजींत नमविलें आणि नंतर खेळाडूंच्या खोलींत तो घेरी येऊन पडला. तरीहि अखेरच्या दिवशीं, दोहों बाजूंचे गुण बरोबरीला आले असतां, तोच पुन्हां मैदानांत उतरला. पहिला सेट गमावूनहि त्यानें आंद्रे मेर्लें याचा पराभव केला आणि एकवीस वर्षांनीं तो चषक ब्रिटनकडे आला. पुढें सलग तीन वर्षें, म्हणजे इ. स. १९३६ पर्यंत, पेरी व त्याचा जोडीदार बनी ऑस्टिन यांच्या बळावर तो तेथेंच राहिला.

त्याच वर्षीं पेरीनें अमेरिकेचें अजिंक्यपद जिंकलें, आणि इ. स. १९३४ च्या आरंभीं ऑस्ट्रेलियाचें. मग आलें विंबल्डन. अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियाचा जॅक क्रॉफर्ड हा आदल्या वर्षाचा विजेता त्याच्यासमोर होता. पेरीनें त्याला ६-३, ६-०, ७-५ असें सरळ तीन सेटमध्यें हरविलें. पंचवीस वर्षांत प्रथमच एका इंग्रज खेळाडूनें हें पद मिळविलें होतें. देशभर आनंदीआनंद झाला. परंतु त्याच दिवशीं घडलेला एक प्रसंग पेरी जन्मभर विसरला नाहीं. तो स्नान करीत असतां क्लबाचा एक अधिकारी खोलींत आला. आज जो जिंकला तो खरा योग्य खेळाडू नव्हे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें क्रॉफर्डजवळ काढले, आणि ते पेरीच्या कानांवर पडले. विजेत्याला मिळणाऱ्या मानद सभासदत्वाची खूण म्हणजे क्लबाचा गळपट्टा. तो त्याच्या हातीं कोणी दिला नाहीं. खुर्चीवर टाकून ठेवलेला आढळला. अभिनंदनाचा एक शब्दहि नाहीं. गिरणी कामगाराच्या मुलानें उच्चकुलीनांच्या हिरवळीवर पहिलें येणें कित्येकांच्या पचनीं पडलें नव्हतें, हेंच यावरून उघड होतें.

या अपमानाचें उत्तर पेरीनें आपल्या रॅकेटनें दिलें. त्या वर्षीं अमेरिकेचें पद त्यानें पुन्हां राखलें. इ. स. १९३५ मध्यें फ्रान्सचें अजिंक्यपद जिंकून चारहि प्रमुख देशांचीं एकेरीचीं पदें मिळविणारा तो जगांतील पहिला पुरुष खेळाडू ठरला. विंबल्डन त्यानें १९३५ व १९३६ या दोन्ही वर्षीं पुन्हां जिंकलें; दोन्ही वेळां समोर जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम हा अत्यंत सभ्य व कुशल खेळाडू होता. इ. स. १९३६ च्या अंतिम सामन्यांत क्रामच्या मांडीचा स्नायु दुखावला होता, आणि पेरीनें तो सामना ६-१, ६-१, ६-० असा पाऊण तासाच्या आंत संपविला. त्याच शरद्ऋतूंत अमेरिकेच्या अंतिम सामन्यांत डॉन बज या उगवत्या खेळाडूशीं त्याची पांच सेटची घनघोर लढत झाली व शेवटचा सेट १०-८ असा त्यानें जिंकला. एकेरीचीं आठ मोठीं अजिंक्यपदें आतां त्याच्या नांवावर होतीं.

येथें आमच्या तरुण वाचकांस एक गोष्ट समजावून सांगणें अवश्य आहे. त्या काळीं टेनिसपटूंचे दोन वर्ग असत: हौशी आणि धंदेवाईक. विंबल्डनसारखे सर्व मोठे सामने व डेव्हिस चषक फक्त हौशी खेळाडूंसाठीं होते. त्यांना बक्षिसाचा पैसा घेण्याची सक्त मनाई असे. विजेत्याला फार तर जवाहिऱ्याच्या दुकानची चिठ्ठी मिळे. प्रवासखर्चाच्या नांवाखालीं कित्येकांना पडद्याआड बरेंच कांहीं मिळत असे, आणि हें सर्वांना ठाऊकहि होतें. परंतु वरवरची शुद्धता राखली जाई. ज्याच्या घरीं जमीनजुमला आहे त्याला हा नियम जाचत नसे. ज्याला आपल्या श्रमावरच जगावयाचें आहे त्याची मात्र त्यानें कोंडी होई. जो कोणी उघडपणें पैसे घेई तो धंदेवाईक ठरे आणि त्याला त्या सर्व मैदानांचे दरवाजे कायमचे बंद होत.

अशा बहिष्कृतांनीं आपली एक निराळी सृष्टि उभी केली होती. इ. स. १९२६ सालीं अमेरिकेंतील पाइल नांवाच्या व्यवस्थापकानें फ्रान्सची सुझान लांग्लां व अमेरिकेचा व्हिन्सेंट रिचर्ड्स वगैरे खेळाडूंना घेऊन पहिला मोठा धंदेवाईक दौरा काढला. इ. स. १९३१ मध्यें विख्यात बिल टिल्डन यानें चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल कोझेलुह याच्याशीं सामने खेळून त्या धंद्याला प्रतिष्ठा आणली. इ. स. १९३४ च्या आरंभीं एल्सवर्थ व्हाइन्स त्यांत आला. कॅलिफोर्नियाचा हा उंच, सडपातळ तरुण इ. स. १९३२ चा विंबल्डन-विजेता होता. त्याची सर्व्हिस इतकी वेगवान कीं चेंडू कोणत्या बाजूनें गेला हें प्रतिस्पर्ध्याला कळूं नये. धंदेवाईकांत आतां त्याचेंच राज्य होतें. या दौऱ्यांची रीत अशी: एक प्रस्थापित वीर आणि एक नवा आव्हान देणारा अशी जोडी जमवावयाची, आणि त्या दोघांनीं रोज नव्या गांवीं जाऊन एकमेकांशींच खेळावयाचें. अखेरीस ज्याचे विजय अधिक, त्याच्याकडे मुकुट.

पेरीपुढें आतां दोन मार्ग होते. हौशी राहून टाळ्या घ्यावयाच्या आणि वय उलटल्यावर रिकाम्या हातानें बाजूला व्हावयाचें, हा एक. दुसरा मार्ग उपजीविकेचा. पण त्यासाठीं विंबल्डन, डेव्हिस चषक आणि स्वदेशांतील मान या सर्वांवर पाणी सोडावें लागणार होतें. तो सत्तावीस वर्षांचा होता. इ. स. १९३६ च्या अखेरीस त्यानें धंदेवाईक होण्याच्या करारावर सही केली. क्लबाचें मानद सभासदत्व लागलीच गेलें, आणि ज्या हिरवळीवर तो तीन वेळां राजा झाला होता तेथें खेळण्याचा त्याचा हक्क संपला.

ता. ६ जानेवारी १९३७ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रचंड सभागृहांत दौऱ्याला प्रारंभ झाला. सतरा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते व तिकिटांचें उत्पन्न सुमारें अठ्ठावन्न हजार डॉलर झालें. इंग्लंडच्या अधिकाऱ्यांनीं ज्याला बाहेर काढलें त्याला पाहावयास एवढा जनसमुदाय लोटावा, हें खरोखर नवल होतें. आणि पेरीनें त्यांची निराशा केली नाहीं. प्रथमच धंदेवाईक म्हणून उतरलेल्या या खेळाडूनें व्हाइन्ससारख्या मुरलेल्या वीराला ७-५, ३-६, ६-३, ६-४ असें हरविलें.

परंतु एक रात्र जिंकणें निराळें आणि महिनोगणती टिकून राहणें निराळें. या दौऱ्याचें जीवन कसें असे, याची कल्पना देणें आम्हांस आवश्यक वाटतें. आज एका शहरीं सामना, रात्रीं प्रवास, उद्यां शेंकडों मैलांवर दुसऱ्या शहरीं सामना. कोठें व्यायामशाळा, कोठें मोठें सभागृह, कोठें बर्फावरील खेळाची जागा. जेथें जागा मिळेल तेथें जाड कापडाचें मैदान अंथरून, ताणून बांधून, वर जाळें लावावयाचें. खालची जमीन कधीं लांकडाची तर कधीं आणखी कसली. त्यामुळें चेंडूची उसळी गांवोगांव बदले. छप्पर कोठें ठेंगणें, दिवे कोठें अंधुक. विंबल्डनच्या विजेत्याला वर्षांतून एकदां पंधरवडाभर प्राण पणाला लावावे लागत. येथें तीच परीक्षा जवळजवळ रोज द्यावयाची, आणि तीहि त्याच एका प्रतिस्पर्ध्यापुढें. त्याला आपली प्रत्येक खोड ठाऊक, आपल्याला त्याची. आज डावपेंच फळला तर उद्यां तो त्याची तोड शोधून येई. दुखण्याखुपण्याचें निमित्त करून घरीं बसण्याची सोय नव्हती, कारण तिकिटें विकलीं गेलेलीं असत आणि लोक दोघांनाहि पाहावयास आलेले असत.

दोघांचे स्वभाव व खेळ परस्परविरुद्ध होते, आणि दौऱ्याची गोडी त्यांतच होती. व्हाइन्स शांत, अबोल. त्याचा टोला म्हणजे वीज. ती अचूक पडली तर समोरच्याचें कांहीं चालत नसे. पण चेंडू जाळ्यावरून केसभर अंतरानें जात असल्यामुळें हात थोडा बिघडला कीं चुकाहि तितक्याच होत. पेरी हंसतमुख, बोलका, प्रेक्षकांना खुलविणारा; त्याचें हत्यार म्हणजे गति, दम आणि उसळता चेंडू धांवतां धांवतां टोलविण्याची ती कष्टसाध्य कला. पारडें कधीं इकडे झुके तर कधीं तिकडे. हिंवाळा संपून वसंत आला तरी निकाल लागेना. अमेरिकेंतील दौरा पुरा झाला तेव्हां एकसष्ट सामने झाले होते. त्यांतील व्हाइन्सनें ३२ व पेरीनें २९ जिंकले होते. मुकुट व्हाइन्सकडेच राहिला, पण केवळ तीन सामन्यांच्या फरकानें. पुढें हीच जोडी ब्रिटन व आयर्लंड येथें गेली. तेथें पेरीनें सहा व व्हाइन्सनें तीन सामने जिंकले. दोन्ही दौऱ्यांची बेरीज केली तर हिशेब ३५ विरुद्ध ३५ असा बरोबरीला येतो!

ही बेरीज आम्ही मुद्दाम मांडली आहे. सत्तर सामन्यांनंतर ज्यांच्यांत एका सामन्याचाहि फरक उरला नाहीं, त्यांतील जेता कोणता आणि पराजित कोणता? आणि ज्यांनीं सत्तर वेळां एकमेकांविरुद्ध जिवाचें रान केलें, ते एकमेकांचे वैरीहि झाले नाहींत. उलट दोघांनीं मिळून कॅलिफोर्नियांतील बेव्हर्ली हिल्स येथील टेनिस क्लब विकत घेतला व तो भागीदारीनें चालविला. पैशासाठीं खेळणाऱ्यांत खिलाडूपणा राहात नाहीं, असें म्हणणाऱ्यांना हें एक चोख उत्तर होतें. पैशाची बाबहि लपविण्याचें कारण नाहीं. त्या वर्षीं पेरीला सुमारें एक्क्याण्णव हजार डॉलर मिळाले व व्हाइन्सला सुमारें चौतीस हजार. अमेरिकेच्या दौऱ्यांत जो हरला त्याची प्राप्ति अधिक झाली, कारण लोकांना पाहावयाचा होता तो नवा पाहुणा, आणि करार त्या बेतानेंच झाले होते. बाजाराचा न्याय हा असा असतो. त्यांत गुणाला किंमत येते हें खरें. पण ती नेहमीं गुणाच्याच मापानें येते असें नाहीं. धंदेवाईक जीवन हा कांहीं निर्भेळ स्वर्ग नव्हता, हेंहि तरुणांनीं ओळखलें पाहिजे.

नवलाईचें तेंच पाणी पुढें पेरीच्याहि अंगणांतून वाहून गेलें. इ. स. १९३८ च्या दौऱ्यांत पुन्हां व्हाइन्सची सरशी झाली. तथापि अमेरिकेच्या धंदेवाईकांचें अजिंक्यपद त्या वर्षीं पेरीनें मिळविलें. इ. स. १९३९ मध्यें डॉन बज हा नवा आव्हान देणारा आला आणि त्यानें व्हाइन्स व पेरी या दोघांनाहि मागें टाकलें. व्हाइन्स तर टेनिस सोडून गोल्फकडे वळला. पेरीनें मात्र नेट सोडला नाहीं; इ. स. १९४१ मध्यें धंदेवाईकांचें तें पद त्यानें पुन्हां जिंकलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें नव्या दौऱ्याच्या पहिल्याच रात्रीं तो पडला व त्याच्या उजव्या हाताच्या कोपराला जबर दुखापत झाली. ज्या सभागृहांत पांच वर्षांपूर्वीं त्याच्या दुसऱ्या आयुष्याला आरंभ झाला होता, तेथेंच त्याच्या श्रेष्ठ खेळाला उतार लागला. तो पूर्वींच अमेरिकेचा नागरिक झाला होता. महायुद्धाच्या काळांत त्यानें तेथील वायुदलांत नोकरी केली.

खेळ थांबला म्हणून पेरी थांबला नाहीं. ऑस्ट्रियाचा एक फुटबॉलपटु वेग्नर याच्या भागीदारींत त्यानें खेळाडूंसाठीं मनगटाला बांधावयाचा घाम टिपणारा पट्टा काढला आणि इ. स. १९५२ सालीं विंबल्डनच्या वेळीं पांढरा सुती सदरा बाजारांत आणला. त्यावरील खूण होती पानांची विजयमाला. आज जगांत अनेक ठिकाणीं तो सदरा घालणाऱ्यांपैकीं कित्येकांना त्यावरचें नांव एका हाडामांसाच्या माणसाचें होतें हें ठाऊकहि नसेल. आकाशवाणीवरून टेनिसचें वर्णन करणारा म्हणूनहि पेरीचा आवाज ब्रिटनच्या घराघरांत अनेक वर्षें ओळखीचा झाला. ज्या मैदानावर त्याला खेळण्याची बंदी होती, त्याच मैदानावरील खेळ तो लोकांना समजावून सांगूं लागला.

आणि काळानें आपला निवाडा दिला. इ. स. १९६७ च्या डिसेंबरांत ब्रिटनच्या टेनिस संघटनेनें हौशी व धंदेवाईक हा भेद मोडून काढण्याचें ठरविलें. इ. स. १९६८ च्या एप्रिलांत बोर्नमथ येथें पहिले खुले सामने झाले, आणि त्याच उन्हाळ्यांत विंबल्डनचे दरवाजे सर्वांना उघडले. त्या वर्षींचा विजेता रॉड लेव्हर याला दोन हजार पौंडांचें बक्षीस उघडपणें देण्यांत आलें. ज्या कृत्यासाठीं पेरी बहिष्कृत झाला, तेंच आतां मानाचें ठरलें. इ. स. १९८४ सालीं, त्याच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, त्याच क्लबानें आपल्या आवारांत त्याचा पुतळा उभारला व एका प्रवेशद्वाराला त्याचें नांव दिलें. एके काळीं ज्याचा गळपट्टा खुर्चीवर टाकला गेला, त्याच्या पुतळ्याजवळून आतां सामन्यांस येणारे हजारों लोक जातात. ता. २ फेब्रुवारी १९९५ रोजीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें पेरीचें निधन झालें. त्याच्या रक्षेचा कलश विंबल्डनलाच, त्याच्या पुतळ्याजवळ ठेवण्यांत आला. त्याच्यानंतर विंबल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा ब्रिटिश खेळाडू, अँडी मरे, इ. स. २०१३ मध्यें निपजला. मध्यें सत्त्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

या चरित्रापासून काय घ्यावयाचें? प्रत्येक मुलानें अभ्यास सोडून रॅकेट हातीं घ्यावी, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. पेरीसारखे यशस्वी होणारे थोडे, आणि त्या वाटेवर थकून बसणारे फार. परंतु विद्यार्थ्यांनीं त्याचे ते महिने आठवावे, जेव्हां नवी पद्धत शिकतांना प्रत्येक चेंडू चुकत होता व लोक हंसत होते. अजिंक्यपदाचा पाया त्या चुकलेल्या चेंडूंनीं घातला होता. तसेंच १९३७ सालचे ते सत्तर सामनेहि आठवावे. एका दिवसाच्या विजयानें किंवा पराजयानें माणसाची किंमत ठरत नाहीं. काल हरलेला माणूस आज पुन्हां त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर ताठ मानेनें उभा राहातो कीं नाहीं, यावरून ती ठरते.

पालकांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, मुलाच्या अंगीं कोणताहि प्रामाणिक गुण दिसला, मग तो खेळाचा असो, हातकामाचा असो वा गाण्याचा असो, तर त्यावर मिळविलेली भाकर हलकी मानूं नये. सॅम्युएल पेरी यांनीं मुलाला पैशापेक्षांहि मोठी अशी एक वस्तु दिली, ती म्हणजे विश्वास. आणि घामाच्या मोबदल्यांत लाज कसली, हा प्रश्न त्या मुलानें विंबल्डनच्या प्रतिष्ठितांपुढें ठेवला, त्याचें उत्तर द्यावयास त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढा काळ आपल्या घरांतील मुलांना आपण तिष्ठत ठेवूं नये, हेंच बरें.